कळीतलं काळं

वहिनी, तुमच्या स्वयंपाकघरातली शेवटची फळी आज रिकामी केली. डाळी-तांदळाचे डबे पलीकडच्या घरी दिले, मिक्सर आणि पोळपाट माझ्याकडे नेतेय, बाकीचं खोक्यात. कंबर धरलीय. दादा बाहेरच्या खोलीत पुस्तकं बांधतायत, म्हणजे एक पुस्तक उचलतात आणि ते हातात धरून बसून राहतात. घर कंपनीला परत द्यायचंय, त्यांची नोकरी संपली, तुम्ही गेलात, आणि बाहेर सगळीकडे वर्ल्ड कपच्या पताका लागल्यात. जगभरची माणसं इथे यायला निघालीत आणि आपण आवराआवर करतोय.

तुम्हाला घेऊन दादा आणि तुमचा अमेय नाशिकला गेले तेव्हा मला येता आलं नाही. वर्ल्ड कपसाठी शाळा लवकर बंद करायच्या म्हणून परीक्षा अलीकडे ओढल्या होत्या आणि नववीचे विज्ञानाचे पेपर माझ्या टेबलावर पडून होते. दहाव्याला अमेयनं फोन धरून मला सगळं दाखवलं. तिथे जमलेल्या बायका म्हणत होत्या, सुनंदा फार सोशिक, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी इकडे एकटीच म्हणाले, यांना कुठली सुनंदा माहिती आहे? माझ्याशी तर तुम्ही इतकी वर्षं भांडत होतात. नात्यानं मोठ्या जाऊबाई, पण हे वहिनी म्हणत म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले आणि भांडणंही नणंद-भावजयीसारखीच झाली. शेवटचं तर अर्धवटच राहिलं. ते कसं मिटलं ते तुम्हाला सांगायचंय.

इंगरच्या चांदीवरून जे चाललं होतं ते.

इंगर तुमच्या पहिल्या घराची शेजारीण. तिचा नवरा दादांच्याच प्लांटवर होता. एकदा तुमच्या फोडणीचा वास भिंतीपलीकडे गेला आणि ती काय जळतंय म्हणून धावत आली, तिथून तुमची मैत्री. तुमचं इंग्रजी तेव्हा जेमतेम, तिचं त्याहून बरं पण डॅनिश वळणाचं. मी शुक्रवारी माझ्या घरून, दोह्यातल्या मदिनत खलीफाहून, अल खोरला तुमच्याकडे यायचे तेव्हा तुम्ही दोघी ओट्याशी उभ्या असायच्या. एकीनं अर्धं बोलायचं, दुसरीनं उरलेलं हातांनी पुरं करायचं. एकदा तिनं तुमच्या वाढदिवसाला केक करून आणला. तुम्ही तो टेबलावर ठेवलात, तिला चहा दिलात, केक सगळ्यांना कापून वाढलात, आणि स्वतः एक घास घेतला नाहीत. अंड्याचा होता. तिच्या लक्षात आलं आणि ती लालेलाल झाली. तुम्ही तिचा हात थोपटून म्हणालात, "नो प्रॉब्लेम. माय किचन ओन्ली."

तेवढं एक तुमचं होतं. दादांनी कॅन्टीनमध्ये काय खायचं ते खावं, अमेयनं मित्राकडे खावं, तुम्ही विचारायच्या नाहीत. पण तुमच्या ओट्यावर अंडं आलं नाही. अमेय बारावीत असताना त्याला डॉक्टरांनी रोज अंडं खा म्हणून सांगितलं, तेव्हासुद्धा तुम्ही त्याला माझ्याकडे पाठवलंत.

इंगरच्या नवऱ्याचं कंत्राट अचानक संपलं आणि त्यांना नायजेरियाला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या आठवड्यात ती एक लाकडी पेटी घेऊन तुमच्याकडे आली. आत निळ्या कापडाच्या खाचांमधून चांदीचे काटे-चमचे, सुऱ्या, वाढायचे मोठे चमचे. बारा जणांचा संच. त्या दिवशी मी तिथेच होते. प्रत्येक दांड्याच्या टोकाशी एक मिटलेली कळी, तिच्या खाली दोन पानं आणि बारीक मणी. पाठीमागे नखाएवढे शिक्के. तिनं एकेक दाखवला. तीन मनोरे म्हणजे कोपनहेगन शहराची खूण, शेजारी तपासनिसाची, मग कारखान्याची. तिच्या देशात मुलीच्या बारशाला, वाढदिवसाला एकेक चमचा देतात आणि ती मोठी होईतो संच पुरा होतो म्हणाली. तुम्ही लगेच म्हणालात, आपल्याकडेही लग्नाची भांडी अशीच जमवतात. हा संच मात्र तिच्या आजोबांनी आजीसाठी जमवलेला. आजोबा त्याच कारखान्यात कारागीर होते, आणि यातला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून गेला होता. ती म्हणाली, नायजेरियात नको न्यायला, दोन वर्षांनी मी येईन, तोवर ठेव.

तुम्ही दोन्ही हातांनी पेटी घेतलीत.

दोन वर्षांनी ती आली नाही. आधी पत्ते बदलले, मग नंबर. कुणीतरी सांगितलं तिचं नवऱ्याशी पटलं नाही, ती एकटी मायदेशी गेली. तुम्ही दुसऱ्या घरात राहायला आलात तेव्हा ट्रकमध्ये सगळं सामान चढलं आणि पेटी तुमच्या मांडीवर बसून गाडीतून आली. मी म्हणायचे, वहिनी, ती आता येत नाही. निदान वापरा तरी. गणपतीत वीस-पंचवीस माणसं जेवायला असतात, ते मोठे चमचे कशासाठी आहेत? तुमचं एकच उत्तर, ठेव आहे ती. ठेवीला आपलं ताट लावायचं नाही.

पण नावं मात्र तुम्ही ठेवली होतीत. दोन दातांचा लांब काटा, ज्यानं म्हणे ते खारवलेला मासा उचलतात, तो तुमचा लोणच्याचा काटा. रुंद उलथन्यासारखं होतं ते थालीपिठाचं. छोटा खोलगट चमचा मुरांब्याचा. तुम्ही ती नावं इतक्या सहज घ्यायच्या की मला वाटायचं, मनातल्या मनात तुम्ही त्या संचावर कितीतरी पंगती उठवल्या असणार.

आणि दर शुक्रवारी तुम्ही ते सगळं घासायच्या. देवांची चांदी आधी, मग ही. जुन्या मऊ धोतराचा तुकडा, दंतमंजनाची पांढरी पूड, कधी रांगोळी. समुद्र जवळ, त्यात गॅसचा मुलूख, चांदी भराभर काळवंडायची आणि तुम्ही भराभर उजळ करायच्या. दादा म्हणायचे, अल खोरची हवा आणि सुनंदा यांची कुस्ती चाललीय. कळीच्या पाकळ्यांमधलं काळं निघेना तेव्हा तुम्ही दाढीच्या ब्रशचे केस कापून बारीक कुंचला केलात. महिनोन् महिने लागून एकदाचं निघालं. मला दाखवलंत, बघ, आता कशी लख्ख झाली. खरंच लख्ख झाली होती. देवघरातल्या निरांजनासारखी.

मग तुमचं दुखणं निघालं. ते सांगत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे आणि मला पुन्हा त्यातून जायचं नाही.

दुसऱ्या केमोनंतर मला अमेयचा फोन आला. त्याला कुणा मुलीचा मेसेज आला होता. इंगरची मुलगी. ती टीव्हीवाल्यांबरोबर वर्ल्ड कपच्या कामासाठी दोह्यात येणार होती, आणि आईनं तिला म्हटलं होतं की माझी एक मैत्रीण तिथे होती, बघ सापडते का. मी आल्यावर अमेयनं लॅपटॉप तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलात, लिपस्टिक मागितलीत, जी तुम्ही कधी लावत नव्हतात, आणि मग नको म्हणालात. पडद्यावर इंगर आली. तिचे केस पांढरे झाले होते. तुम्ही दोघी आधी नुसत्या हसत बसलात. तिनं माफी मागितली, पेटीचं तिला विचारायलाच धीर होईना. तुम्हीच मला खूण केलीत. मी पेटी आणली. तुम्ही एक चमचा काढून कॅमेऱ्यापुढे धरलात.

ती पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "सुनंदा. व्हेरी शायनिंग."

"एव्हरी फ्रायडे," तुम्ही म्हणालात.

"अँड द ब्लॅक? इन द फ्लॉवर?"

"नो ब्लॅक," तुम्ही अभिमानानं सांगितलंत. "ऑल क्लीन."

इंगर हसली, छान छान म्हणाली, पण ते हसू उशिरा आलं होतं. तुम्हाला ते कळलं. तुम्हाला नेहमीच कळायचं. तुम्ही विचारत राहिलात, काय झालं, सांग. ती टाळत राहिली. शेवटी तिनं सांगितलं. चमचा पोलादी साच्यात दाबून घडवायचा, काट्याचे दात कापायचे, कानशीनं घासायचे, हे सगळं दुसरे लोक करत. तिचे आजोबा बसत ते अगदी शेवटच्या मेजावर. पांढरा चमचा त्यांच्याकडे यायचा, तो ते गंधकाच्या पाण्यात बुडवून कोळशासारखा काळा करत. मग अंगठ्यावर पूड घेऊन उंचवट्यावरचं काळं पुसत यायचं आणि खोलगट भागातलं तेवढं ठेवायचं. त्यानं कळी मिटलेली दिसते, पान उठून दिसतं. कुठे थांबायचं हे त्या अंगठ्याला ठाऊक. आजीला त्यांचा तो काळा अंगठा आवडायचा नाही, रविवारी चर्चमध्येसुद्धा काळाच.

इंगर म्हणाली, काही बिघडलं नाही, चांदी तर चांदीच आहे. तू जपलीस, हेच खूप आहे.

फोन बंद झाल्यावर तुम्ही चमचा मांडीवर ठेवलात. दादा समजुतीचं काहीतरी बोलायला लागले, तुम्ही त्यांना हातानं थांबवलंत. मग मला म्हणालात, "मेधा, मी त्या माणसाचं सगळं काम पुसून टाकलं गं."

त्यानंतर तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. डॉक्टर म्हणाले केमोमुळे. मला माहीत होतं कशामुळे.

तिसऱ्या दिवशी तुमचा फोन. तू मुलांना विज्ञान शिकवतेस, हे काळं परत कसं आणायचं ते सांग. मी म्हटलं, दुकानात औषध मिळतं, मागवू. तुम्ही विचारलंत, घरात कशानं होतं? मी बोलून गेले, उकडलेल्या अंड्यानं. गरम अंडं कापून चांदीबरोबर डब्यात बंद करून ठेवायचं, पिवळ्या बलकातला वायू चांदीला काळं करतो. आठवीच्या पुस्तकातलंच आहे. आणि लगेच म्हटलं, मी माझ्याकडे करून आणते, पेटी द्या.

तुम्ही म्हणालात, "गेलं माझ्या घरात. यायला पण माझ्याच घरात हवं. अंडी घेऊन ये."

अल मन्सूराच्या आपल्या किराणावाल्यानं पिशवीत अंडी बघून विचारलं, सुनंदाताईंकडे चाललात ना, मग ही? मी पैसे देऊन निघाले.

वहिनी, त्या शुक्रवारबद्दल मी कुणाशी बोललेले नाही. अमेय दारात उभा राहून बघत होता, तो म्हणाला, "आई, यू डोन्ट हॅव टु डू धिस." तुम्ही त्याला मराठीत म्हणालात, बाहेर बस. पातेलं नवं आणायला लावलं होतंत मला, पण गॅस तुमचाच, ओटा तुमचाच. अंडी तुम्ही स्वतः पाण्यात सोडलीत. तेव्हा तुम्हाला साध्या पोळीच्या वासानंही मळमळायचं. अंडी फोडली आणि वास आला तशा तुम्ही सिंककडे गेलात, ओकारी काढलीत, चूळ भरलीत आणि परत येऊन उभ्या राहिलात. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी करते. तुम्ही मान हलवलीत.

पहिला डबा उघडला तेव्हा आपल्या दोघींचं तोंड पडलं. चमचे पिवळे, तपकिरी, कुठे जांभळे-निळे, पेट्रोल सांडल्यासारखे. तुम्हाला रडू आलं, आता हे पण घालवलं म्हणून. मी दुसऱ्यांदा ठेवले, अंडी वाढवली, जास्त वेळ ठेवले. मग आले काळे, एकसारखे. मी खाण्याचा सोडा कालवला आणि तुम्ही अंगठ्यावर घेऊन कळीवरून फिरवलात. चांदी खालून वर आली आणि पाकळीच्या फटीत काळं राहिलं. तुम्ही चष्मा कपाळावर सारून तो चमचा नाकाशी धरलात. इतकी वर्षं पेटी घरात होती, पण ती कळी आहे हे मला त्या दिवशी नीट दिसलं.

धातू गार लागला की तुमच्या बोटांना करंट बसल्यासारखं व्हायचं, ते औषधांमुळे. म्हणून मी प्रत्येक चमचा कोमट पाण्यातून काढून टॉवेलमध्ये गुंडाळून तुमच्या हातात द्यायचे. असे कितीतरी शुक्रवार गेले. एका बैठकीत चार-पाच नग होत, कधी एकच. हॉस्पिटलमध्ये त्या केरळच्या नर्सनं तुमचा अंगठा पाहिला आणि तिला वाटलं नखं काळी पडतात तसं हे औषधानं पसरलंय, ती डॉक्टरांना बोलवायला निघाली. तुम्ही इतक्या हसलात की सलाईनची नळी हलली. त्या आजारात तुम्ही तशा हसल्याचं मला ते एकदाच आठवतं.

आणि त्याच दिवसांत आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणत होते, इंगरला काही सांगायचं नाही. तिला पेटी द्यायची, ती उघडून बघेल, काळं जागच्या जागी असेल, तिला वाटेल व्हिडिओत नीट दिसलं नसेल. तिच्या आजोबांची वस्तू तिला परत मिळाली, ती खूश, तुम्ही मोकळ्या. तुम्ही म्हणायच्या, हे तिच्या आजोबांचं काळं नाही. आपलं आहे. ते तिला सांगायला हवं. मी म्हटलं, सांगून तिला काय मिळणार? वाईटच वाटेल. तुम्ही म्हणालात, वाटू दे. मी चिडले. इतकं सोसून, स्वतःच्या ओट्यावर अंडी उकडून हे करताय, आणि शेवटी तिला दुखवायचंच असेल तर करताय कशाला? तुम्ही अंगठा पुसत म्हणालात, दुखवायला नाही गं. तिच्या आजोबांचं म्हणून ती दुसऱ्या कुणाचं काम नातवंडांना दाखवेल. ते बरं नाही. त्यांचं नाव घ्यायचं तर काम त्यांचंच हवं.

मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? तुम्ही म्हणालात, तुला कळेल ना. मी राहिले नाही तर तुलाच द्यायची आहे पेटी.

मी उठून गॅलरीत गेले. तुमच्या तोंडून ते वाक्य ऐकायचं नव्हतं. परत आले तेव्हा तुम्ही झोपला होतात, आणि नंतर तो विषय निघाला तेव्हा आपण दोघींनीही अर्ध्यावर सोडला. वाढायचे मोठे नग राहून गेले होते. तुमचा लोणच्याचा काटा, थालीपिठाचं उलथनं, डाव. त्यानंतरच्या शुक्रवारी तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, आणि मग घरी आलाच नाहीत.

माझं आणखी एक राहून गेलं. कोविडमध्ये आई गेली तेव्हा विमानं बंद होती. पुण्याला भाऊ एकटा, मी इथे. बाहेर पडायला परवानगी मिळाली त्या सकाळी तुम्ही दादांना गाडी काढायला लावून अल खोरहून माझ्याकडे आलात. माझ्या स्वयंपाकघरात गेलात, भात टाकलात, मेतकूट-भात कालवून माझ्यापुढे ठेवलात आणि मी संपवेपर्यंत समोर बसलात. पाच-सहा दिवस हेच. मी कधी त्याबद्दल तुम्हाला काही म्हटलं नाही. तुम्ही घाईघाईनं विषय बदलला असतात, हे खरं. पण म्हणायला हवं होतं. आज म्हणते.

इंगर गेल्या आठवड्यात आली. मुलीकडे उतरली आहे. दादा परतले होते, घराच्या कागदांचं बघत होते. ती दारात उभी राहिली, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं, आणि आत यावं की नाही हे तिला कळेना. दादांनी तिला आत घेतलं. तुमच्या खुर्चीकडे तिनं पाहिलं आणि दुसऱ्या खुर्चीत बसली. मी चहा केला. आलं जास्त पडलं.

पेटी मी टेबलावर ठेवली. तोवर मी मनाशी ठरवलेलं होतं की काही बोलायचं नाही. तुम्ही गेलात, भांडण संपलं, आता माझ्या मताप्रमाणे होऊ दे, असंच. मी थकले होते वहिनी. एका बाईचं आणखी एक दुःख उघडायची माझ्यात ताकद नव्हती. तिनं चष्मा लावला, एक चमचा उचलला, कळीवर बोट ठेवलं. तिचा चेहरा उजळला. ती डॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटली, मग मला इंग्रजीत म्हणाली, हे बघ, आहे की, आजोबांचं काळं आहे. मला वाटलं गेलंच म्हणून.

मग तिनं मुलीला फोन लावायला घेतला, दाखवायला.

तेव्हा मला गप्प राहता आलं नाही. मी म्हटलं, थांब. आणि सगळं सांगितलं. धोतराचा तुकडा, दंतमंजन, कुंचला, व्हिडिओ कॉलनंतरचे दोन दिवस. उकडलेली अंडी म्हटल्यावर तिनं मला मध्येच थांबवलं.

"इथे? या किचनमध्ये?"

मी म्हटलं, हो, त्या गॅसवर.

"तिनं स्वतः?"

दादा म्हणाले, हो, तिनं स्वतः. आणि मग ते उठून आत गेले.

इंगर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आतले ओटे रिकामे, फक्त गॅस होता, तो कंपनीचा. बराच वेळ तिची पाठ माझ्याकडे होती. परत आली तेव्हा तिनं पेटीतला एकेक नग बाहेर काढून कापडावर मांडला. मी मदत केली. मोठे नग शेवटी निघाले, तुमच्या घासण्यातले, लख्ख, कळीत काही नाही. मला शरम वाटली. मी म्हटलं, हे राहिले, मी घरी करून देते, दोन दिवस दे. मला जमतं आता.

ती नको म्हणाली. तिनं तो डाव हातात घेतला. मग सावकाश, तिच्या त्या तुटक इंग्रजीत, ती जे म्हणाली ते मी तुमच्यासाठी नीट लक्षात ठेवलंय. आजोबांचं काम गेलं, ते गेलं. चमचे-काटे सुनंदाच्या अंगठ्याचे आहेत, तसंच मी मुलीला सांगेन. आणि हे मोठे असेच राहू देत. हे तिचे शुक्रवार आहेत, यांच्यावर मी काळं चढू देणार नाही. तिनं मला विचारलं, सुनंदा यांना काय म्हणायची? मी सांगितलं, लोणचं, थालीपीठ, डाव. तिनं ते शब्द तिच्या तोंडानं म्हणून पाहिले. थालीपीठ तिला काही जमलं नाही.

तुमचं बरोबर होतं वहिनी. एवढंच सांगायचं होतं. तुम्ही असतात तर मी हे तोंडावर कबूल केलं नसतं, आणि तुम्हीही कबूल करून घेतल्याशिवाय सोडलं नसतंत.

ती गेल्यावर दादा बाहेर आले, पेटी गेली का विचारलं, आणि पुन्हा पुस्तकांपाशी बसले. परवा किल्ल्या द्यायच्या. ते नाशिकला जातील, अमेय त्याच्या कामावर. आज मी खोकी गाडीत भरली आणि घरी यायला निघाले.

इतकी वर्षं हा रस्ता खोदलेलाच पाहिला. दर महिन्याला नवं वळण, नवे नारिंगी पिंप, नकाशा सांगेल एक आणि पुढे पाटी भलतीच. तुमच्याकडे यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, आणि कितीदा मी त्यालाच कंटाळून फोनवर म्हटलं, वहिनी, आज नाही जमत. आता सगळं संपलंय. पाट्या लागल्यात, झाडं लावलीत, दिवे लागलेत. गाडी कुठे थांबली नाही. मदिनत खलीफाला इतक्या लवकर पोचले की खाली उतरावंसंच वाटेना, तशीच बसून राहिले. रस्ता चांगला झाला वहिनी. आणि अल खोरला माझं आता कुणी नाही.